फटी वेगळ्या मोजा, मणके वेगळे मोजा: मानेच्या फ्यूजनचं कोडिंग

ऐरोली, विक्रोळी, मालाड किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये ऑर्थो-न्यूरोच्या क्यूवर (केसच्या रांगेवर) बसणाऱ्या कोडरपुढे, म्हणजे ऑपरेशन नोट वाचून विम्याच्या क्लेमसाठी कोड लावणाऱ्यापुढे, हमखास येणारी शस्त्रक्रिया म्हणजे एसीडीएफ. मानेच्या पुढून आत जायचं, दोन मणक्यांमधली खराब गादी काढायची, मज्जारज्जूवरचा किंवा नसेवरचा दाब मोकळा करायचा आणि ते दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे (हेच फ्यूजन). ऑपरेशन नोट दोन-तीन पानांची आणि कोड पाच-सहा. केस सोपी वाटते, आणि नेमकी हीच ऑडिटमधून परत येते. बहुतेक वेळा चूक वैद्यकीय ज्ञानाची नसते, मोजणीची असते. इथे तीन गोष्टी मोजाव्या लागतात: फटी (दोन मणक्यांमधली गादीची जागा), मणके आणि आत ठेवलेल्या वस्तू. प्रत्येकीचा कोड वेगळा आणि मोजायचं एकक वेगळं.

खालची पद्धत मुख्यतः अमेरिकन क्लेमसाठी आहे. मुंबईतल्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर काय वेगळं असतं, ते शेवटी येईल.

दादर ते कुर्ला

स्लो लोकलने दादर, माटुंगा, शीव, कुर्ला असं जा. स्टेशनं चार झाली, पण गाडीने कापलेले टप्पे तीनच. सी४ ते सी७, म्हणजे मानेच्या चौथ्या ते सातव्या मणक्याच्या फ्यूजनचं गणित हेच. मणके चार, मधल्या फटी तीन: सी४-सी५, सी५-सी६, सी६-सी७. फ्यूजनचे कोड टप्प्यांवर, म्हणजे फटींवर चालतात. प्लेट-स्क्रूचे कोड स्टेशनांवर, म्हणजे मणक्यांवर चालतात. केज, म्हणजे गादीच्या जागी बसवलेली वस्तू, पुन्हा फटींवर. ग्राफ्टचा, म्हणजे बसवलेल्या हाडाचा, प्रत्येक कोड मात्र अख्ख्या शस्त्रक्रियेत एकदाच, फटी कितीही असोत.

बऱ्याच ऑफिसांत फ्लोअरवर कागद-पेन नेता येत नाही. मग नोटपॅड उघडा आणि प्रत्येक केसला चार ओळी टाइप करा: फटींची नावं, स्क्रू बसलेल्या मणक्यांची नावं, फटीत काय ठेवलं, हाड कुठून आणलं. आकडा लिहू नका, नावं लिहा. ‘३’ लिहिलं की ते तीन मणके की तीन फटी, हे पाच मिनिटांनी तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

नोट वाचताना उलटं जा

नोटच्या वरच्या भागात शस्त्रक्रियेचं नाव, लेव्हल (म्हणजे फटी) आणि वापरलेल्या वस्तू ओळीने दिलेल्या असतात. तो भाग अनेकदा टेम्प्लेटमधून आलेला असतो, कधी शस्त्रक्रियेआधीच भरून ठेवलेला. कोड त्यावरून लावायचा नसतो. आधी मधला मजकूर वाचा, जिथे सर्जनने टप्प्याटप्प्याने काय केलं ते सांगितलंय. मग इम्प्लांट शीट, म्हणजे आत बसवलेल्या वस्तूंची यादी, उघडा. शीर्षकाकडे सगळ्यात शेवटी या आणि मजकुराशी जुळतंय का, एवढंच पाहा. जुळलं नाही तर मजकूर खरा धरायचा, किंवा सर्जनला विचारायचं.

फिजिओथेरपी किंवा होमिओपॅथी करून या कामात आलेल्यांना शरीररचना पक्की येते. गंमत म्हणजे इथे कधी कधी तेच अडकतात, कारण न लिहिलेलंही त्यांना दिसतं. ‘गादी काढली म्हणजे नस मोकळी केलीच असणार’ हे वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखं आहे, पण ऑडिटर ‘असणार’ मान्य करत नाही.

२२५५१ की २२५५४?

मूळ निर्णय हा. हे आकडे सीपीटीतले, म्हणजे अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडयादीतले. पुढून केलेलं, सी२ च्या खालचं फ्यूजन, सोबत गादी काढणं, वाढलेलं हाड घासणं आणि मज्जारज्जू किंवा नसांवरचा दाब काढणं, हे सगळं मिळून २२५५१. पुढच्या प्रत्येक फटीला २२५५२. दाब काढलेला नाही, फक्त हाड बसवण्यापुरती जागा तयार केली, तर २२५५४ आणि पुढच्या फटींना २२५८५.

२०११ पूर्वी गादी काढण्याचा ६३०७५ आणि फ्यूजनचा २२५५४ असे दोन कोड सोबत लावत. त्या वर्षी जानेवारीत २२५५१ आला आणि दोन्ही कामं त्यात गेली. आजही कोणी जुन्या सवयीने एकाच फटीला ६३०७५ जोडतं आणि क्लेम बंडलिंगमध्ये (एका कोडमध्ये आधीच धरलेलं काम पुन्हा लावलं म्हणून) अडकतो.

२२५५१ सिद्ध करायला मजकुरात काय दिसायला हवं? मागची लिगामेंट, म्हणजे पीएलएल, उघडली किंवा काढली. मागच्या बाजूचं वाढलेलं हाड ड्रिलने किंवा केरिसनने (हाड कुरतडायचं अवजार) काढलं. फोरामिनोटमी केली, म्हणजे नसेची वाट रुंद केली, हुक किंवा प्रोब नसेच्या वाटेवर फिरवून ती मोकळी झाल्याची खात्री केली. ड्युरा (मज्जारज्जूचं आवरण) दिसली, मज्जारज्जू मोकळा झाला. यांतलं एखाद-दुसरं वाक्य स्पष्ट असेल तर पुरतं. ‘डिस्केक्टमी करून एंडप्लेट तयार केल्या’, म्हणजे गादी काढून मणक्यांचे पृष्ठभाग तयार केले, एवढंच असेल तर ते २२५५४ चं वर्णन आहे, वर शीर्षकात ‘डिकम्प्रेशन’ (दाब काढणं) ठळक अक्षरांत असलं तरी.

आणखी एक गोष्ट नीट पाहा: हे वर्णन प्रत्येक फटीसाठी वेगळं आहे का? पहिल्या फटीचं सविस्तर लिहून पुढे ‘बाकीच्या लेव्हलला असंच केलं’ असं एक वाक्य टाकायची सर्जनांना सवय असते. कोणत्या लेव्हलला ते नावानिशी लिहिलं असेल तर बहुधा चालून जातं. ‘इतर लेव्हल’ असं मोघम असेल तर क्वेरी, म्हणजे सर्जनला लेखी प्रश्न, टाका.

फटीत काय ठेवलं?

सगळ्यात महाग चूक इथे होते. गादी काढल्यावर रिकाम्या जागेत काहीतरी बसवतात आणि सर्जन त्याला सरसकट ‘केज’ किंवा ‘स्पेसर’ म्हणतात. कोडिंगला मात्र ती वस्तू कशाची बनली आहे ते कळायला हवं. पीक (एक कडक प्लास्टिक), टायटॅनियम किंवा तत्सम कृत्रिम वस्तू असेल तर २२८५३, प्रत्येक फटीला एक. मेलेल्या दात्याच्या हाडातून मशिनवर कापून आकार दिलेला तुकडा असेल तर ते स्ट्रक्चरल अ‍ॅलोग्राफ्ट, कोड २०९३१, तो मात्र एकदाच. तीन फटी असल्या तर फरक तीन युनिट २२८५३ आणि एक युनिट २०९३१ इतका पडतो.

ओळखायचं कसं? इम्प्लांट शीटवरच्या स्टिकरवर बघा. हाडाच्या तुकड्याच्या स्टिकरवर टिश्यू बँकेचं नाव, दात्याचा किंवा टिश्यूचा ओळखक्रमांक आणि ‘अ‍ॅलोग्राफ्ट’, ‘कॉर्टिकल’, ‘फ्रीझ ड्राइड’ असे शब्द असतात. कृत्रिम केजच्या स्टिकरवर उत्पादकाचा कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, उंची मिलिमीटरमध्ये, कोन अंशांत, आणि ‘पीक’ किंवा ‘टीआय’ अशी खूण असते. स्टिकर स्कॅनमध्ये अंधुक असेल तर चार्टमधली नर्सिंगची इम्प्लांट नोंद काढा, ती टाइप केलेली असते.

बाकीचं हाड: चुऱ्याच्या रूपातलं दात्याचं हाड किंवा डीबीएम (खनिजं काढून टाकलेलं हाड) असेल तर २०९३०. त्याच जखमेतून निघालेलं रुग्णाचं स्वतःचं हाड, म्हणजे घासलेल्या हाडाचा चुरा वगैरे, २०९३६. कमरेच्या हाडावर वेगळा छेद घेऊन काढलेलं असेल तर चुऱ्याला २०९३७ आणि पूर्ण तुकड्याला २०९३८. मेडिकेअर (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) २०९३० आणि २०९३६ चे वेगळे पैसे देत नाही. तरी क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये लावायला सांगितलं असेल तर लावा, इतर विमा कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात. २०९३७-२०९३८ ला मात्र वेगळा छेद नोटमध्ये दिसलाच पाहिजे.

प्लेट

पुढून बसवलेली प्लेट दोन किंवा तीन मणक्यांवर असेल तर २२८४५, चार ते सातवर २२८४६, आठ किंवा जास्तवर २२८४७. सी५ ते सी७ म्हणजे दोन फटी, तीन मणके, २२८४५. सी४ ते सी७ म्हणजे तीन फटी, चार मणके, आणि इथे २२८४६ लागतो. ‘तीन लेव्हलचं फ्यूजन’ हे शब्द कानात घुमत असतात आणि बोट आपोआप २२८४५ कडे जातं.

काही केजमध्येच स्क्रू किंवा पाती बसवलेली असतात, बाहेर प्लेट नसतेच. त्यांना स्टँड-अलोन किंवा झिरो-प्रोफाइल केज म्हणतात. केज जागेवर धरून ठेवणारे ते स्क्रू २२८५३ मध्येच धरले जातात, त्याला २२८४५ जोडायचा नाही. केजला न जोडलेली, स्वतंत्र प्लेट मणक्यांवर बसवली असेल तरच तो जोडायचा. ५९ मॉडिफायर (हे वेगळं काम आहे असं सांगणारी, कोडला जोडायची खूण) लावायच्या आधी त्या तिमाहीचं एनसीसीआय टेबल, म्हणजे कोणते कोड सोबत चालत नाहीत त्याची यादी, पाहा, कारण ती टेबलं दर तीन महिन्यांनी बदलतात. आणि मजकुरात ‘प्लेट केजपासून स्वतंत्र आहे’ हे कळेल असं वाक्य शोधा: प्लेट कोणत्या मणक्यावरून कोणत्या मणक्यापर्यंत, स्क्रू किती, कुठे.

एक केस, शेवटपर्यंत

नोटचं शीर्षक: ‘एसीडीएफ सी४ ते सी७, केज आणि प्लेटसह, मायक्रोस्कोप’. घाईत असलेला कोडर लिहील: २२५५१, २२५५२ दोनदा, २२८५३ तीनदा, २२८४५, ६९९९०.

आता मजकूर. डाव्या बाजूने आडवा छेद. फ्लुरोस्कोपीखाली सुई टोचून लेव्हलची खात्री. सी४-सी५, सी५-सी६ आणि सी६-सी७ या तिन्ही ठिकाणी गादी काढली, पीएलएल उघडली, दोन्ही बाजूंना फोरामिनोटमी केली. प्रत्येक फटीत ‘कॉर्टिकल अ‍ॅलोग्राफ्ट स्पेसर’ बसवला. त्याच्या मधल्या पोकळीत जागेवरच घासून जमवलेलं रुग्णाचं हाड भरलं. प्लेट सी४ पासून सी७ पर्यंत, आठ स्क्रू, प्रत्येक मणक्यात दोन. न्यूरोमॉनिटरिंग चालू होतं, बदल नाही. इम्प्लांट शीटवर टिश्यू बँकेचे तीन स्टिकर.

कोड असे येतात: २२५५१, २२५५२ दोन युनिट, २२८४६, २०९३१ एक युनिट, २०९३६ एक युनिट. पहिल्या यादीतला २२८५३ गेला, कारण स्पेसर हाडाचा आहे. आठ स्क्रू, चार मणके, म्हणून २२८४५ च्या जागी २२८४६. ६९९९० गेला, कारण २२५५१-२२५५२ सोबत मायक्रोस्कोप वेगळा लावायचा नाही असं सीपीटीतच सांगितलंय. फ्लुरोस्कोपी शस्त्रक्रियेचाच भाग. न्यूरोमॉनिटरिंगचे पैसे सर्जन घेऊ शकत नाही. ते वेगळ्या तज्ज्ञाने केलं असेल तर त्याचा क्लेम वेगळा जातो.

मॉडिफायर ५१, म्हणजे एकापेक्षा जास्त शस्त्रक्रियांची खूण, स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या कोडवरच येतो. २२५५२, २२८४६, २०९३१ हे अ‍ॅड-ऑन कोड आहेत, त्यांना ५१ लावू नका.

निदानाचा कोड

आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या निदानांच्या कोडयादीत, मानेच्या गादीचा विभाग एम५०. मज्जारज्जू दबलेला असेल तर एम५०.०, नस दबून हातात कळ येत असेल तर एम५०.१, नुसती गादी सरकलेली असेल तर एम५०.२, झिजलेली असेल तर एम५०.३. पुढची अक्षरं लेव्हल सांगतात. नस दबण्यात सी४-सी५ ला एम५०.१२१, सी५-सी६ ला एम५०.१२२, सी६-सी७ ला एम५०.१२३. मज्जारज्जूच्या बाबतीत तसंच एम५०.०२१ ते एम५०.०२३. सी२-सी३ आणि सी३-सी४ वरच्या गटात, एम५०.०१ किंवा एम५०.११. सी७-टी१ शेवटच्या गटात.

एम५० खाली एक छोटी सूचना आहे: सगळ्यात वरच्या लेव्हलचा कोड लावा. सी४-सी५ आणि सी५-सी६ दोन्हीकडे गादीमुळे नस दबली असेल तर एम५०.१२१ पुरतो, दोन कोड लावू नका.

दुसरा सापळा नसांच्या नावांचा. मानेचे मणके सात, पण मानेच्या नसा आठ. ‘सी६ रॅडिक्युलोपॅथी’ म्हणजे सी६ नस दबली आहे, आणि ती सी५-सी६ फटीतून बाहेर पडते. सी६ वाचून एम५०.१२३ लावला की निदान एका लेव्हलचं आणि शस्त्रक्रिया दुसऱ्याच लेव्हलची दिसते. मग पेअर, म्हणजे पैसे देणारी विमा कंपनी, सीओ-११ (निदान आणि शस्त्रक्रिया जुळत नाही) हा नकार देऊन मोकळा होतो.

एम५४.१२, म्हणजे नुसती मानेची रॅडिक्युलोपॅथी, गादीच्या किंवा स्पॉन्डिलोसिसच्या (मणक्यांच्या झिजेच्या) निदानासोबत चालत नाही, एक्सक्लूड्स-१ (दोन्ही सोबत लावू नका) अशी सूचना आहे. मानदुखीचा एम५४.२ सुद्धा गादीच्या आजारासोबत नको. स्पॉन्डिलोसिसने मज्जारज्जू दबला असेल तर एम४७.१२, नस दबली असेल तर एम४७.२२. मज्जारज्जूचा कालवा अरुंद झाला असेल तर एम४८.०२. आधीचं फ्यूजन जुळलंच नाही म्हणून पुन्हा केलं तर एम९६.०. जुनं फ्यूजन व्यवस्थित आहे आणि शेजारची लेव्हल बिघडली, तर जुन्यासाठी झेड९८.१ जोडा. त्यामुळे पेअरला कळतं की हे नवीन काम आहे.

मणकाच काढला तर

कॉर्पेक्टमीत मणक्याचं धडच काढतात: ६३०८१, पुढच्या मणक्यांना ६३०८२. मानेत किमान अर्धं धड काढल्याचं नोटमध्ये हवं. ‘पार्शियल कॉर्पेक्टमी’ एवढ्यावर हा कोड लावू नका. गादीपर्यंत पोचायला वरचं-खालचं हाड थोडं कोरणं हा २२५५१ चाच भाग आहे. मिलिमीटर किंवा ‘पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त’ असं काही लिहिलेलं शोधा.

सी५ चं धड काढून सी४ ते सी६ जोडलं, तर ६३०८१, मग फ्यूजनसाठी २२५५४ आणि २२५८५. इथे २२५५१ येत नाही, दाब काढण्याचं काम कॉर्पेक्टमीने आधीच घेतलंय. मोकळ्या जागेत कृत्रिम केज असेल तर २२८५३ ऐवजी २२८५४, सलग मोकळ्या जागेला एकच. प्लेट तीन मणक्यांवर, २२८४५.

मागून केलेलं फ्यूजन

सी२ च्या खाली मागून: २२६००, पुढच्या फटींना २२६१४. सी१-सी२ ला २२५९५, कवटीपासून सी२ पर्यंत २२५९०. सी३ ते सी७ ला फटी चार, म्हणून २२६०० आणि २२६१४ तीनदा. स्क्रू-रॉड पाच मणक्यांवर, २२८४२, कारण तो तीन ते सहा मणक्यांचा. सात ते बारा असतील तर २२८४३. फक्त दोनच मणक्यांवर स्क्रू असतील तर दोन टोकांच्या मधे जोडणीचा बिंदूच नसतो, मग २२८४०.

लॅमिनेक्टमी (मणक्याची मागची कमान काढणं) सोबत असेल तर फक्त हाड उघडलं की नसांच्या वाटाही मोकळ्या केल्या ते पाहा. दोनपेक्षा जास्त मणके, फक्त उघडले: ६३०१५ एकदा. फॅसेटेक्टमी (मागचा सांधा कापणं) आणि फोरामिनोटमीसह: ६३०४५ आणि पुढच्या प्रत्येकाला ६३०४८.

जुनी प्लेट काढून त्याच लेव्हलला नवी बसवली तर २२८४९. त्याच लेव्हलला काढण्याचा कोड वेगळा लावायचा नाही.

दोन सर्जन

ईएनटी सर्जन मान उघडून देतो आणि स्पाइन सर्जन पुढचं करतो, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. तेव्हा दोघांच्याही २२५५१ वर ६२ हा मॉडिफायर येतो आणि दोघांची नोट वेगवेगळी लागते. मेडिकेअर प्रत्येकाला फीच्या ६२.५ टक्के देतं. प्लेट, केज आणि ग्राफ्टच्या कोडवर ६२ लावायचा नाही, ते स्पाइन सर्जनच्याच क्लेमवर राहतात. ‘असिस्टंट’ शब्द वाचून ८० (सहायक सर्जनचा मॉडिफायर) लावण्याआधी त्या माणसाने नेमकं काय केलं ते वाचा, आणि तो डॉक्टर आहे की पीए (फिजिशियन असिस्टंट), हेही. पीएसाठी मेडिकेअरला एएस हा मॉडिफायर लागतो.

इनपेशंट चार्ट असेल तर

हॉस्पिटलच्या इनपेशंट (दाखल रुग्णाच्या) क्लेमला सीपीटी नाही, पीसीएस ही शस्त्रक्रियांची वेगळी कोडयादी लागते. तिथे प्लेट आणि स्क्रू फ्यूजनच्या कोडमध्येच जातात, वेगळे येत नाहीत. सी५-सी६ ला पुढून उघडून केज बसवला तर ०आरजी१०ए०. मानेचे दोन किंवा जास्त सांधे असतील तर चौथ्या जागी २, म्हणजे ०आरजी२०ए०. सी७-टी१ चा सांधा पीसीएसमध्ये मानेत मोडत नाही, त्याला चौथ्या जागी ४. केजमध्ये हाड भरलं असलं तरी सहावं अक्षर ए राहतं. केज नसून नुसतं हाड असेल तर रुग्णाचं स्वतःचं ७, दात्याचं के, आणि दोन्ही मिसळलं असेल तर ७.

गादी पूर्ण काढली तर ०आरटी३०झेडझेड, अर्धवट काढली तर ०आरबी३०झेडझेड. हा भेद नोटमधल्या एका शब्दावर ठरतो, तोच शब्द शोधा. डीआरजी, म्हणजे ज्यावरून हॉस्पिटलचे पैसे ठरतात तो केसचा गट, साधारण ४७१ ते ४७३ मध्ये बसतो, सोबतचे आजार किंवा गुंतागुंत (एमसीसी-सीसी) किती गंभीर त्यावर. पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी केलेल्या मानेच्या फ्यूजनला २०२५ च्या आर्थिक वर्षापासून ४२९ आणि ४३० असे वेगळे डीआरजी आहेत.

क्वेरी कशी लिहावी

सर्जनला उत्तर सुचवणारा प्रश्न टाकता येत नाही. ‘सी६-सी७ ला डिकम्प्रेशन केलं होतं ना? कृपया जोडा’ ही क्वेरी बाद. चालणारी अशी: ‘शीर्षकात सी४ ते सी७ डिकम्प्रेशन नमूद आहे. मजकुरात सी४-सी५ व सी५-सी६ येथील डिकम्प्रेशनचं वर्णन आहे. सी६-सी७ येथे गादी काढून एंडप्लेट तयार केल्याचं वर्णन आहे. सी६-सी७ येथे केलेल्या कामाचं स्वरूप कृपया स्पष्ट करावं.’ पैशांचा उल्लेख कुठेही नको. ड्युरा फाटून शिवल्याचं दिसलं तर तो कोड मनाने लावू नका. जी९७.४१ चा (शस्त्रक्रियेत चुकून ड्युरा फाटण्याचा) संबंध येतो का, हे सर्जनच्या शब्दांवर ठरतं, म्हणून तिथेही क्वेरीच. शिवण्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

मंजुरी आणि नकार

२२५५१ आणि २२५५२ हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागात करायचे असतील तर १ जुलै २०२१ पासून मेडिकेअरची पूर्वमंजुरी लागते. खासगी विमा कंपन्या साधारण सहा आठवड्यांचे औषधोपचार आणि फिजिओथेरपीची नोंद, अलीकडचा एमआरआय आणि शस्त्रक्रियेच्या लेव्हलशी जुळणारी लक्षणं मागतात. तंबाखू सोडल्याची नोंदही अनेक कंपन्यांना हवी असते. मज्जारज्जू दबून चालणं बिघडत असेल किंवा हाताची ताकद वेगाने जात असेल तर सहा आठवडे थांबायची अट सहसा शिथिल असते, पण त्यासाठी तपासणीत रिफ्लेक्स, हॉफमन (मज्जारज्जूवरचा दाब दाखवणारी बोटांची चाचणी), ताकदीची ग्रेड असं ठोस काही लिहिलेलं लागतं.

मंजुरी दोन लेव्हलची आणि टेबलवर तीन झाल्या, असं होतं. तिसरी का केली याचं कारण नोटमध्ये आहे का ते क्लेम जायच्या आधीच पाहा. एआरवाल्यांना, म्हणजे अडकलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणाऱ्यांना, रात्री फोनवर हेच विचारतात. सीओ-१९७ म्हणजे मंजुरीचा घोळ, सीओ-५० म्हणजे गरज पटली नाही, सीओ-९७ म्हणजे बंडलिंग. सीओ-५० आला तर कोड बदलून काही होत नाही, ओपीडीच्या जुन्या नोटा जोडून अपील करावं लागतं.

ग्लोबल कालावधी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या फीमध्येच नंतरची देखभाल धरलेला काळ, ९० दिवसांचा. त्यात त्याच कारणाने पुन्हा ओटीत न्यावं लागलं, उदाहरणार्थ रक्ताची गाठ काढायला, तर ७८ हा मॉडिफायर. आधीच ठरवलेला दुसरा टप्पा, जसं आज पुढून आणि चार दिवसांनी मागून, तर ५८, आणि तो ठरलेला होता हे पहिल्या नोटमध्ये असलं पाहिजे.

मुंबईतल्या हॉस्पिटलची फाइल

इथे सीपीटी लागत नाही. आयआरडीएआयच्या (भारतातल्या विमा नियामकाच्या) ठरलेल्या क्लेम फॉर्मच्या भाग ब मध्ये आयसीडी-१० आणि पीसीएसचे रकाने आहेत, ते हॉस्पिटलने भरायचे. आपल्याकडची हॉस्पिटलं जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० वापरतात. त्यात एम५०.१२२ सारखा सहा अक्षरांचा कोड नाही, एम५०.१ इथेच थांबायचं. अमेरिकन क्यूवरून हॉस्पिटलच्या नोकरीत आलेले कोडर पहिल्या आठवड्यात नेमके इथे अडतात. लेव्हल मग डिस्चार्ज समरीत शब्दांत लिहून घ्या.

टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेची) क्वेरी बहुतेक वेळा इम्प्लांटवर येते. केज, प्लेट, स्क्रू या प्रत्येकाचा मूळ स्टिकर फाइलला लावलेला हवा, त्यावरचा लॉट क्रमांक बिलाशी जुळायला हवा. समरीत सहा स्क्रू, बिलात आठ आणि शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेत सहा, अशी फाइल अडकते. दोन स्क्रू बसवताना निकामी झाले असतील तर सर्जनने ते ऑपरेशन नोटमध्ये लिहिलं पाहिजे. रुग्णाचे नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभे असताना ही ओळ मिळवणं फार अवघड जातं, म्हणून स्टिकरची मोजणी ओटीतून फाइल खाली आली की त्याच दिवशी करून टाका.